सारखी दोन घरं आणि तिप्पट लाईट बिल

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा.

गेले काही महिने माझ्या व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त येणारा फोटो कसला असेल, तर लाईट बिलाचा. म्हाप्रळपासून बाणकोटपर्यंत कुठूनही येतो. खाली एकच ओळ असते, "भाऊ, नवीन मीटर फास्ट आहे, बातमी लावा." काही जणांच्या मीटरमध्ये खरंच दोष असेलही. त्यावर उपाय आहे आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून आधी तोच सांगतो. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. मीटरच्या रीडिंगबद्दल तुमची तक्रार असेल तर वीज कंपनीनं पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा, असं त्यात आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलून वायरमनचं डोकं खाण्यात अर्थ नाही, त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

पण आजचा विषय तो नाही. मीटर बरोबर आहे असं धरलं, तरी एक प्रश्न राहतो आणि तो कुणी विचारत नाही. घरात वीज नेमकी वापरतं कोण, कशासाठी, आणि हे त्या मीटरला किती कळतं?

आमच्या ओळखीत दोन भाऊ आहेत. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही लगेच ओळखाल. दोघांची घरं एकाच योजनेतली, एकाच नकाशाची, एकाच गवंड्यानं एका पावसाळ्याआधी उभी केलेली. मध्ये फक्त तुळशीचं वृंदावन. थोरल्याचं बिल महिन्याला ३८ युनिटच्या आसपास, धाकट्याचं ११८. वाडीत चर्चा काय, तर धाकट्याची बायको दिवसभर टीव्ही लावून बसते. थोरल्याची बायको तर तोंडावर म्हणते, "आमी लाईट जपून वापरतो."

मी माझ्याकडचा प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर घेऊन तिकडे दोन रविवार गेलो. ऑनलाइन मिळतो हा. सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये लावला की किती वॅट चाललेत आणि किती युनिट झाले ते दाखवतो. छताच्या पंख्याला तो लावता येत नाही, तिथे पंख्यावर लिहिलेले वॅट आणि चालण्याचे तास असा हिशोब केला. सोबत तापमान आणि दमटपणा दाखवणारं एक साधं यंत्रही नेलं होतं.

टीव्ही निर्दोष सुटला. सेट टॉप बॉक्ससकट दिवसाला अर्धा युनिटसुद्धा नाही. वीज खात होता तो खाटेवरचा पंखा. दोघा भावांची आई धाकट्याकडे असते. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिच्या डोक्यावरचा जुना ७५ वॅटचा पंखा दिवसरात्र चालतो. ७५ वॅट गुणिले २४ तास म्हणजे १.८ युनिट, महिन्याचे ५४. थोरल्याच्या अख्ख्या घराचं बिल नाही एवढा हा एक पंखा. दुसरा खर्च फ्रिजचा. सेकंडहँड आहे, दाराचं रबर गेलंय, पण आईचं इन्सुलिन कुठे ठेवणार? त्याचे महिन्याला ३५-३६. उरलेल्या विजेत दिवे, टीव्ही, मिक्सर आणि दोन मोबाइल. थोरला आणि त्याची बायको सकाळी बाहेर पडतात ते संध्याकाळी परत, मुलं मुंबईला. घरात माणूसच नाही तर वीज जपायला काय लागतं?

आणि छप्पर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात धाकट्याच्या घरावर आंबा पडला. तेव्हा कौलं मिळत नव्हती, मिळाली तर दर ऐकून माणूस खाली बसायचा. पत्रे आले, तेच बसले. थोरल्याचं कौल वाचलं. मार्चमधल्या दुपारी तीन वाजता माझं यंत्र थोरल्याच्या खोलीत ३३ अंश दाखवत होतं आणि धाकट्याच्या पत्र्याखाली ३८. म्हातारीला विचारलं, पंखा थोडा वेळ बंद केला तर चालेल का? ती म्हणाली, "बाळा, पंख्याबिगर जीव घुसमटतो."

आता गंमत बघा. १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर दुपटीहून जास्त. वर वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे वादळात कौल गेलं, त्याचा दंड धाकटा अजून दर महिन्याला भरतोय, आणि वरून वाडीची बोलणी खातोय.

हे मी भावकीचं भांडण म्हणून सांगत नाही. नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी एक मोठा अभ्यास झाला. १९७३ च्या तेलटंचाईच्या आसपासचा काळ. न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे, एकसारख्या जोडघरांची. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटानं तिथे कित्येक वर्षं मोजणी केली. घरं सारखी, भिंती सारख्या, भट्टी सारखी, तरी एका घराचा गॅस दुसऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त जळायचा. मग त्यांच्यातल्या रिचर्ड सोंडरेगर यांनी एक साधी पण डोकेबाज गोष्ट केली. ज्या घरांतली माणसं बदलली आणि ज्यांतली तीच राहिली, ती वेगवेगळी काढून बघितली. १९७८ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. माणसं तीच राहिली तर घराचा वापर साधारण तसाच राहत होता. माणसं बदलली की आधीच्या बिलावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नव्हता. म्हणजे जास्त जाळणारं घर हे बऱ्याच अंशी जास्त जाळणारं कुटुंब होतं.

इथपर्यंत वाचून थोरल्याची बायको म्हणेल, बघा, मी सांगत होते! थांबा जरा. "माणसामुळे" याचा अर्थ "माणसाच्या उधळेपणामुळे" असा होत नाही. घरात आजारी कोण आहे, तान्हं मूल आहे का, दिवसा घरी कोण असतं, कुणाला किती उकडतं, हे सगळं त्यात येतं. आकडा फक्त फरक दाखवतो. कारण शोधायला उंबऱ्याच्या आत जावं लागतं.

सेन्सरवाल्यांची सगळी धडपड याचसाठी चाललेली असते. जॉर्ज हार्ट नावाच्या संशोधकानं १९८० च्या दशकात एमआयटीमध्ये असताना एक युक्ती काढली. घरातल्या प्रत्येक उपकरणाला यंत्र लावायची गरज नाही. मुख्य मीटरवर वीज किती उडी मारते ते बघायचं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ठरावीक उडी, पंप लावला की मोठी, गीझर लावला की त्याहून मोठी. बंद झाला की तेवढीच खाली. या उड्यांवरून काय कधी चाललं ते ओळखायचं. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयआयटीतल्या निपुण बात्रा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिल्लीतल्या एका घरात सलग ७३ दिवस अशी मोजणी केली. मीटरवर, उपकरणांवर, खोल्यांत सेन्सर. त्यांना लगेच जाणवलं की परदेशातली गणितं इथे तशीच लागू होत नाहीत. व्होल्टेज वरखाली होतं, लाईट जाते, इंटरनेट जातं. हसू नका, मंडणगडकरांना यात नवीन काही नाही. निसर्ग वादळानंतर आपल्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्या दिवसांत एखादा साधा सेन्सर लावला असता तर त्यानं इमानदारीत शून्य नोंदवलं असतं, आणि लांब बसलेल्या कुणीतरी म्हटलं असतं, काय काटकसरी लोक आहेत!

पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाला हे बरोबर कळलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी काम केलं. २०१४ पासून त्यांनी देशभरात साध्या ग्राहकांच्या घरी आणि दुकानांत छोटी यंत्रं बसवली. मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवायची आणि आकडे कुणालाही बघता येतील असे उघड ठेवायचे. म्हणजे ग्राहकानं कंपनीवर लक्ष ठेवायचं. पुढे त्यांनी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या शंभराहून जास्त घरांत, शहरी आणि गावातल्याही, परवानगी घेऊन मीटर लावले. अख्ख्या घराचा आणि मोठ्या उपकरणांचा वापर वेगवेगळा मोजला. यातली दिशा मला आवडते. यंत्र दोन्हीकडे बघतं, आणि ज्याच्या घरात ते लावलंय त्याला ते कशासाठी आहे हे माहीत असतं.

माहीत असण्याचाही परिणाम होतो बरं का. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका वीज कंपनीच्या काही ग्राहकांना दर आठवड्याला फक्त एक पोस्टकार्ड जायचं. तुमच्या वीजवापराचा अभ्यास चालू आहे, तुम्हाला काही करायचं नाही, एवढाच मजकूर. ना सल्ला, ना बक्षीस. तरी त्या लोकांचा वापर २.७ टक्क्यांनी कमी झाला. कार्डं बंद झाली, बचतही गेली. धाकट्याकडे मी मीटर घेऊन बसलो होतो त्या दोन रविवारी मागच्या पडवीतला दिवा सारखा कुणीतरी विझवत होतं, त्याचा अर्थ मला नंतर लागला. म्हणून कुठलीही कंपनी "आमच्या सेन्सरनं इतके टक्के बचत झाली" असं सांगायला आली, तर पहिला प्रश्न हा विचारा, किती महिन्यांनंतरचा आकडा आहे?

आता नवीन मीटरकडे येतो. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं सांगितलं. आता बसतायत ते पोस्टपेड, महावितरण त्यांना टीओडी मीटर म्हणते. बिल महिन्यालाच येतं. पण जुना मीटर महिन्याचा एकच आकडा सांगायचा आणि हा दिवसाचे तुकडे पाडून सांगतो, पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यानं. सरकारचं म्हणणं, याचा फायदा ग्राहकालाच. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, तेव्हा वापरा असा हेतू. हेतू चांगलाच आहे. शहरात ज्याच्याकडे वॉशिंग मशीन आणि गीझर आहे तो वेळ बदलू शकतो. खाटेवरच्या आईचा पंखा कुठल्या वेळेला सरकवायचा? तिच्या बाबतीत सवलत मिळेल ती दिवसाच्या तासांची, आणि ती धाकट्याला मिळायलाच हवी. त्याच्या बिलावर ती दिसते का, हे मी पुढच्या महिन्यात बघणार आहे.

तुकडे पाडलेल्या आकड्यांची दुसरी बाजू आपल्या तालुक्याला जास्त लागू आहे. आपल्याकडे प्रत्येक वाडीत कुलूपबंद घरं किती, ते मोजून बघा. चाकरमानी विरार, नालासोपारा, दिव्याला. घर उघडतं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. अशा घराचा अर्ध्या तासाचा आलेख काढला तर वर्षभर सपाट रेघ आणि भाद्रपदात एकदम डोंगर. ही रेघ मालकाला उपयोगाची आहे. घर बंद असताना युनिट पडतायत म्हणजे कुठेतरी वायर उतरलीय किंवा कुणीतरी फुकट लाईट घेतोय, हे त्याला मुंबईत बसून मोबाइलवर कळेल. दार बंद म्हणून टाकलेल्या सरासरी बिलावर दरवर्षी मे महिन्यात होणारी भांडणंही कमी व्हावीत. पण हीच रेघ चुकीच्या माणसाच्या हाती लागली तर? आज चोराला निदान वाडीत येऊन अंगणातलं गवत बघावं लागतं. उद्या तेवढेही कष्ट नकोत.

मी उगाच भीती घालतोय असं वाटत असेल तर सांगतो. नेदरलँड्समध्ये २००९ साली तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं स्मार्ट मीटरची सक्ती याच खासगीपणाच्या मुद्द्यावर रोखली होती. अमेरिकेत नेपरव्हिल नावाच्या शहराविरुद्ध नागरिक कोर्टात गेले. २०१८ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं, पंधरा मिनिटांच्या टप्प्यानं आकडे घेणं म्हणजे घराची झडतीच. मात्र वीजपुरवठ्याच्या कामासाठी ती वाजवी आहे, म्हणून चालेल. म्हणजे कोर्टानं मीटर काढायला लावले नाहीत, पण ही साधी नोंद नाही एवढं मान्य केलं. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टास्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. कागदावर सगळं आहे. पण वाडीत मीटर बदलायला आलेल्या पोरानं कुणाला सांगितलंय का, की काका, यातून अमुक माहिती जाते, अमुक ठिकाणी राहते? मी तीन ठिकाणी उभा राहून बघितलं. सही घेतली, जुना मीटर पोत्यात टाकला, पुढचं घर.

अतिशयोक्तीही नको. अर्ध्या तासाच्या आकड्यांतून तुम्ही कुठली मालिका बघता ते कळत नाही. घरात कुणी आहे की नाही, कधी उठता, कधी झोपता, पंप कधी लावता, एवढं कळतं. मला विचाराल तर तेवढं पुष्कळ झालं.

आता ज्यांनी मोजायला हवं आणि जे मोजत नाहीत, त्यांच्याकडे वळतो. नाव घेत नाही, पण एका सरकारी कार्यालयात मी बातमीच्या कामासाठी वारंवार जातो. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा, आठही पंखे गरगर फिरतायत, भर दुपारी ट्यूब चालू. पूर्वी मलाही वाटायचं, सरकारी माल, कोण बंद करणार. एकदा तिथल्या शिपाईमामांनी बोर्ड दाखवला. आठ पंख्यांना बटण एकच! एक माणूस बसलेला असेल तर आठ चालवायचे, नाहीतर त्यानं घामानं भिजायचं. ट्यूब का, तर खिडकीला लागून फायलींचं कपाट उभं केलंय. मामांच्या हातात यातलं काही नाही. वायरिंग करणाऱ्यानं आणि कपाट ठेवणाऱ्यानं बिल आधीच ठरवून टाकलंय.

इथे सेन्सरवाला येऊन सांगेल, हालचाल ओळखणारं यंत्र लावा, माणूस गेला की पंखा आपोआप बंद. अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपणारं हे यंत्र असतं, स्वस्तही आहे. पण टेबलाशी शांत बसून लिहिणारा कारकून त्याला दिसेनासा होतो, मग दर दहा मिनिटांनी हात हलवत बसा. दुसरा प्रकार हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजून माणसं किती ते ओळखण्याचा. बंद काचांच्या एसी इमारतीत तो छान चालतो. आपल्याकडे चारी खिडक्या उघड्या, समोरून वारा, त्याला हॉलमध्ये एक माणूस की दहा, कसं कळणार? आधी आठ बटणं द्या. बटणाला दोनेकशे रुपये पडत असतील.

आणि एसीचं वेड. तालुक्यात आता नव्या सरकारी इमारती होत राहणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये, १२ तारखेला, न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं, आपण सगळ्यांनी अभिमानानं फोटो टाकले. अशा प्रत्येक नव्या इमारतीच्या नकाशात माणसाला किती उकडतं हे कुणी विचारतं का? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं ते विचारलं होतं. देशातल्या पाच शहरांतल्या १६ इमारतींत जाऊन, सेन्सरनं तापमान मोजत, तिथे बसलेल्या लोकांना सहा हजारांवर वेळा विचारलं, आत्ता कसं वाटतंय? चेन्नईसारखं आपल्याइतकंच घामट शहरही त्यात होतं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत आपल्या लोकांना बाहेरच्या हवेप्रमाणे २८ अंशांच्या वरही बरं वाटतं. उन्हाळ्यात २२-२३ अंशांवर गारठून शाल पांघरायची कुणालाच हौस नसते. केंद्रानंही १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू केल्यावर २४ अंशांवर येईल असा नियम केला. तरी काही साहेबांच्या केबिनमध्ये रिमोटवर अजून १८ दिसतो. बाहेर रांगेत उभे असलेल्यांच्या डोक्यावर पंखाही नसतो, ते वेगळंच.

माझी मागणी नगरपंचायतीकडे आणि पंचायत समितीकडे आहे, आणि ती मी लेखीही देणार आहे. घराघरांत मीटर डोकावणार असेल तर आधी सरकारी इमारतींचे आकडे उघड करा. प्रत्येक कार्यालयाच्या दारावर, जिथे माहिती अधिकाराचा फलक असतो, त्याच्या खाली एक ओळ, गेल्या महिन्याचे युनिट आणि गेल्या वर्षी याच महिन्याचे. यंत्र मीटरमध्ये आलंच आहे, खडूचा खर्च मी देतो. शाळांनी तर हे नववी-दहावीच्या पोरांनाच द्यावं. पत्र्याच्या वर्गात किती अंश, स्लॅबच्या वर्गात किती, पंखे किती तास. मुलं आपल्या सगळ्यांपेक्षा चोख मोजतील आणि खोटं लिहिणार नाहीत.

दुसरी मागणी वादळात पत्रे बसलेल्या घरांची. आपल्याकडे नुकसानभरपाई मोजली गेली ती मोडलेल्या छपराची. त्या छपराखाली त्यानंतर जळलेली वीज कुणी मोजलीच नाही. आमदार-खासदारांपुढे हा विषय न्यायचा तर नुसतं "खूप उकडतं" म्हणून चालणार नाही, आकडे लागतील.

म्हणून तुमच्याकडून हवंय ते एवढंच. कॉमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा. छप्पर कौलाचं, पत्र्याचं की स्लॅबचं. दिवसा घरात किती माणसं असतात. आणि गेल्या मे महिन्याचे युनिट, मग ते कितीही असोत. बिलाचा फोटो टाकू नका, त्यावर ग्राहक क्रमांक असतो. आणि घर बंद असेल तर ते इथे लिहू नका, मला इनबॉक्स करा.